टेकडीचे पाणके

संपादकांनी यंदा विषय दिला, ‘सार्वजनिक जागा आणि आपण’. पुण्यात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेरची तुकाई, कोथरूडची म्हातोबा, जी घराजवळ असेल ती पुरते. यातल्या प्रत्येक टेकडीवर कुणी ना कुणी वर्षानुवर्षं स्वखुशीने झाडं लावतं आणि जगवतं. हे काम बघायला मी जुलैत जायचं मुद्दाम टाळलं. जुलैत टेकडीवर सगळेच असतात. माननीय असतात, त्यांचे कार्यकर्ते असतात, कंपनीचे एकरंगी टी-शर्ट असतात, रांगेत उभी केलेली शाळेची मुलं असतात आणि या सर्वांचे फोटो काढणारे असतात. खरी हजेरी लागते ती मार्च ते मे. म्हणून एप्रिलात गेलो.

पायथ्याशी एक काळी टाकी होती आणि तिच्याशेजारी तारेत ओवून ठेवलेले खाद्यतेलाचे पाच-पाच लिटरचे कॅन. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण रोज येणाऱ्यांना तो पाठ असतो. रिकाम्या हाताने वर जायचं नाही. फिरायला आलेला माणूस एक कॅन भरतो, झेपेल तिथपर्यंत नेतो, वळणावरच्या दगडापाशी ठेवतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. मागून येणारा तो उचलतो. गुडघे दुखणाऱ्या एक आजी अर्ध्या लिटरची बाटली नेतात आणि तीही हिशेबात धरली जाते. जॉगिंग करणारी पोरं कानातलं गाणं न थांबवता दोन हातांत दोन कॅन घेऊन चढतात. त्यांना व्यायामच हवा असतो, झाडाला पाणी मिळतं ते वरकड.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका वरच्या उतारावरची चाळीसेक रोपं सांभाळतात. त्यांच्यामागे जाऊन बसलो. मेडशिंगीचं दीड हात उंचीचं रोप, पानं उन्हाने मलूल. काकांनी तांब्याभर पाणी ओतलं. तापलेल्या मुरमावर ते क्षणभर थबकलं, दोन-चार बुडबुडे आले आणि मग एकदम आत गेलं. काका थांबले. आळ्यात बोट घालून पाहिलं आणि मगच दुसरा तांब्या ओतला. कॅन एकदम उपडा केला तर निम्मं पाणी उतारावरून पळतं आणि जाताना आळ्याची कड फोडून जातं. इथलं आळं बागेतल्यासारखं गोल नसतं, चंद्रकोरीसारखं असतं. उताराच्या खालच्या अंगाला बांध आणि वरचं अंग उघडं, म्हणजे वळवाची सर आली की वरचं पाणी आपसूक आत येतं. आळ्यात तळहाताएवढे दगड मांडलेले होते.

‘‘काका, पालापाचोळा का नाही घालत?’’

‘‘पाला जळतो. दगड जळत नाही.’’

त्यांनी एक दगड उचलून दाखवला. खाली माती काळसर, गार. एक गोम घाईने दुसऱ्या दगडाखाली गेली.

पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरात. उरलेले महिने रोपाने काढायचे कशावर? एका रोपाला आठवड्याला पाच लिटर धरा. नोव्हेंबर ते मे असे तीस आठवडे, म्हणजे दीडशे लिटर. मुळं मुरमाच्या भेगांत शिरून झाड आपल्या जिवावर उभं राहीपर्यंत तीन उन्हाळे काढावे लागतात, म्हणजे साडेचारशे लिटर. लिटरभर पाणी एक किलो भरतं. टेकडीवरचं प्रत्येक जगलेलं झाड म्हणजे कुणीतरी चढावर वाहून नेलेलं साडेचारशे किलो ओझं आहे. हे गणित एकदा डोक्यात बसलं की ‘आज आम्ही हजार झाडं लावली’ ही बातमी वाचताना पहिला प्रश्न पाण्याचा पडतो.

खड्ड्याआधीची तयारी

रोप लावायचं पावसात, पण खड्डा घ्यायचा एप्रिल-मेमध्ये. जुन्या शेतकऱ्यांची ही रीत. खड्डा महिनाभर तापला की किडी, बुरशी, वाळवी यांचा बंदोबस्त होतो. टेकडीवर मात्र खड्डा घेणं हेच मोठं काम. वरची माती वीतभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. पहार मारली की ठिणगी उडते आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. दोन माणसं सकाळभरात तीन-चार खड्डे घेतात आणि तेवढ्यावर खूश असतात. खड्ड्यात भरायला माती खालून घमेल्याने न्यायची. ती आसपासची खरवडून घेतली, तर एक झाड लावायला चार हात जमीन बोडकी होते.

रोपंही बरीच मंडळी स्वतः तयार करतात. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, तळाला भोकं, आत माती-वाळू-शेणखत. एका निवृत्त शिक्षिकेच्या गच्चीवर असा सगळा संसार पाहिला. प्रत्येक बियाण्याची तऱ्हा वेगळी. कडुनिंबाचं बी काही आठवड्यांत मरतं, तेव्हा निंबोळी पडली की लगेच पेरायची. बहाव्याचं बी उलट. त्याचं कवच इतकं कडक की सँडपेपरवर घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात घातल्याशिवाय ते दाद देत नाही. बाभळीच्या शेंगा शेळीने खाल्ल्या आणि लेंडीतून बी बाहेर आलं तर ते उत्तम रुजतं. बाईंनी त्यासाठी एका शेळीवाल्याशी संधान बांधलं होतं आणि सोसायटीच्या बैठकीत लेंड्यांच्या पोत्याच्या वासावरून एक ठरावही झाला होता.

नर्सरीतून आणलेल्या रोपात एक छुपी खोट असते. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरतात. वरून रोप टुमदार दिसतं. ते तसंच लावलं तर मुळं त्याच वळणाने स्वतःभोवती फिरत राहतात आणि पाच-सहा वर्षांनी झाड वाऱ्याने मुळासकट कलतं. म्हणून पिशवी कापल्यावर खालची गुंडाळी कात्रीने छाटायची. जुलैतल्या कार्यक्रमात हे कुणी करत नाही. कधी कधी पिशवीही कापत नाहीत. पाहुण्याने पिशवीसकट खड्ड्यात ठेवलेलं रोप दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते उकरून काढतात आणि पुन्हा लावतात, असं अनेक टेकड्यांवर ऐकलं.

गिरिपुष्पाचा हिरवा रंग

या टेकड्या एके काळी बोडक्या होत्या. चराई, सरपण आणि खाणी यांनी त्यांची साल काढली होती. वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणी आजही आहेत. पावसात त्यांत पाणी साठतं आणि माणसं काठावर बसून सूर्यास्त बघतात. वनखात्याने लागवड सुरू केली तेव्हा त्यांना हवं होतं शेळी तोंड लावणार नाही असं, पाण्यावाचून तगणारं, पटकन वाढणारं झाड. मध्य अमेरिकेतून आलेलं ग्लिरिसिडिया, म्हणजे आपलं गिरिपुष्प, या सगळ्या अटींत बसलं. नुसती फांदी खोचली तरी रुजतं आणि मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्रही धरून ठेवतं. फेब्रुवारीत पानं गळून फिकट गुलाबी फुलं येतात तेव्हा दिसतंही देखणं.

आज टेकड्यांचा मोठा भाग याच एका झाडाने भरला आहे. वनस्पतीचे अभ्यासक त्यावर चिडतात, कारण त्याच्या दाट सावलीत बाकी फारसं काही वाढत नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ज्या माणसांनी उघडे दगड पाहिले होते त्यांना त्या काळी हिरवा रंग मिळाला, हेही खरं. मला या वादात वनखात्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावंसं वाटत नाही. तेव्हा जे सुचलं, परवडलं, ते त्यांनी केलं. त्यानंतर चार दशकं हाताशी असतानाही आपण तेच करत राहिलो, याचा जाब मात्र विचारायला हवा.

काही गटांनी यातून मधला मार्ग काढला आहे. गिरिपुष्प सरसकट तोडायचं नाही. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याची परवानगी लागते, आणि जमीन वनखात्याची असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय काडीलाही हात लावता येत नाही. मग परवानगी मिळेल तेवढ्या फांद्या विरळ करायच्या, आत ऊन पडू द्यायचं आणि त्या कवडशात धावडा, सालई, मोई, काटेसावर, गणेर, पांगारा, बारतोंडी अशी इथलीच झाडं लावायची. गिरिपुष्पाचा पाला उत्तम हिरवळीचं खत असतो, तो याच खड्ड्यांत जातो. जुन्या झाडाच्या आडोशाला नवं झाड उन्हापासून वाचतं. काम हळू आहे. दहा वर्षं काम करणाऱ्या गटाला दाखवायला एक छोटा उतार असतो. पण त्या उतारावर उन्हाळ्यात सात-आठ जातींची झाडं आपापल्या वेळी फुलतात आणि पक्ष्यांना ती बरोबर सापडतात.

माळ रिकामा नसतो

सगळ्यात अवघड गोष्ट मला दाखवली एका वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने. दोन खड्ड्यांच्या मधल्या मोकळ्या मुरमावर बोट दाखवून ती म्हणाली, ‘‘इथे पाय नका ठेवू.’’ मला काही दिसेना. वाकून पाहिल्यावर चार अंडी दिसली. ती मुरमाच्याच रंगाची, तसल्याच ठिपक्यांची, घरट्याच्या नावाने दोन खडे बाजूला सारलेले. माळटिटवी. हा पक्षी अंडी घालतो तो उघड्या, कोरड्या जमिनीवर आणि तेही नेमकं आपण खड्डे खणायला निघतो त्या उन्हाळ्यात. तिला झाड नको असतं. झाडावर कावळा बसतो आणि कावळ्याला वरून सगळं दिसतं.

तित्तर, चंडोल, रातवा ही सगळी जमिनीवर घरटी करणारी मंडळी. आणि जमिनीखालीही गर्दी आहे. रानकांद्याचा दांडा पानांच्या आधी, ऐन उन्हाळ्यात वर येतो. पावसाच्या सरी पडल्या की मुसळी फुलते, मग आमऱ्या, कळलावी, नभाळी, कंदीलपुष्पाच्या वेली. यांचे कंद त्याच वीतभर मातीत झोपलेले असतात जिच्यात आपण पहार घालतो. सलग समतल चर खणताना यंत्र आणलं तर एका दिवसात शेकडो कंद उलटे होतात. चर वाईट नसतात, वाहून जाणारं पाणी त्यांत मुरतं. पण ते कुठे खणायचे हे आधी एक पावसाळा नुसतं फिरून, काय काय उगवतं ते पाहून ठरवावं लागतं. तो एक पावसाळा थांबण्याची तयारी फार कमी लोकांची असते.

गवताला आपण झाडाच्या खालचं मानतो. कुसळी, पवना, मारवेल यांनी भरलेला उतार बघून आपल्याला वाटतं, जागा पडून आहे. द्वीपकल्पीय भारतातल्या माळरानांवर केवळ भारतातच सापडणाऱ्या दोनशेहून अधिक वनस्पती आहेत, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. सरकारी दफ्तरात यांतले अनेक माळ आजही पडीक म्हणून नोंदलेले आहेत. राज्याने २०१६ साली दोन कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी. आकडा एवढा मोठा झाला की तो लावायला जागा लागते, आणि जागा शोधायला निघालं की पहिला दिसतो माळ. जपानी वनस्पतितज्ज्ञ अकिरा मियावाकींची दाट लागवडीची पद्धतही आता टेकड्यांवर येऊ घातली आहे. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं. मुंबईच्या दमट हवेत, रस्त्याकडेच्या पडक्या जागेत तिचा उपयोग असेल. दख्खनच्या मुरमावर, जिथे दोन झाडांत दहा हातांचं अंतर निसर्गानेच ठेवलं, तिथे तिची भीड धरायचं कारण नाही.

याचं उलट उदाहरण मुंबईत, धारावी आणि मिठी नदीच्या मध्ये आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची सदतीस एकर जागा पूर्वी शहराची कचराभूमी होती. कचरा टाकणं थांबलं, त्यावर माती पसरली, लोकांनी झाडं लावली आणि १९९४ साली उद्यान सर्वांना खुलं झालं. तिथे जे काही उगवलं ते मिळकतच होती, कारण आधी तिथे फक्त कचरा होता. टेकडीवर आधीच कुणीतरी राहत असतं. एकाच हौसेने केलेलं एकच काम एका जागी दुरुस्ती ठरतं आणि दुसऱ्या जागी अतिक्रमण. हे पटलेला कार्यकर्ता माणूस म्हणून थोडा त्रासदायक होतो. प्रत्येक कार्यक्रमात तो ‘इथे नको’ म्हणतो, आणि हळूहळू त्याला बोलावणं कमी होतं.

सुशोभनाचा सोस

टेकडी ही बाग आहे असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि ते बहुतेक सगळे भले लोक आहेत. कुणी दगडांना गेरू-चुना लावतं, कुणी बुंध्यांना पट्टे ओढतं, कुणी बोगनवेल आणून लावतं, कुणी सिमेंटचं बाक देतं आणि बाकावर आपलं नाव घालतं. बाक आलं की सावलीसाठी पत्रा येतो, पत्र्याखाली दिवा येतो, आणि दिवा आला की रातवा जातो.

सुशोभनाने घातलेला सगळ्यात मोठा घोळ पिवळा-केशरी आहे. कॉसमॉस, मूळ मेक्सिकोकडचं शोभेचं फूलझाड. बागांतून निसटून ते पुण्याच्या टेकड्यांवर असं पसरलं आहे की सप्टेंबरात अख्खे उतार पिवळे होतात. लोक फोटो काढायला येतात आणि परतताना वाळलेल्या बियांची मूठ खिशात घालून गावाकडे पेरायला नेतात. जिथे तेरडा, कवला आणि गवतं उभी असायची तिथे आता छातीएवढं कॉसमॉस असतं. उपाय एकच, बी धरायच्या आत, माती ओली असताना मुळासकट उपटणं. हे काम करताना आजूबाजूचे लोक ओरडतात. एवढी सुंदर फुलं का उपटताय, म्हणून एका बाईंनी पोलिसांना बोलवायची भाषा केली. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत उपटताना कुणी असं भांडत नाही. देखण्या तणाला वकील लगेच मिळतो.

आणखी नाजूक प्रकार स्मृतिवृक्षांचा. रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात घालून वर झाड लावण्याची चांगली चाल आता रुळली आहे. पण लोकांना वडिलांच्या नावाने लावायचा असतो वड किंवा पिंपळ, आणि तोही माथ्यावर. माथ्याच्या कातळात तो वर्षानुवर्षं खुरटा राहतो. तो वाळला तर घरच्यांना दुसऱ्यांदा सुतक लागल्यासारखं होतं. एका गटाने यावर तोडगा काढला आहे. नात्यागोत्याच्या कुणाशीही खड्ड्यापाशी वाद घालायचा नाही. आधी त्यांच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, आणि पायथ्याला ओढ्याकाठी पिंपळ किती झपाट्याने वाढेल ते समजावायचं. बहुतेक ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना माथ्यावर गणेर सुचवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर सोन्यासारखी फुलं येतात, त्यामुळे दुरूनही ओळखू येतो.

आग

पाण्याइतकीच माणसं लागतात ती वणव्याला. गवत वाळलं की फेब्रुवारीपासून धाकधूक सुरू होते. कधी विडीचं थोटूक, कधी रात्रीची पार्टी, कधी ‘जाळलं की नवं गवत जोमाने येतं’ ही समजूत. पेटल्याचा निरोप ग्रुपवर येतो आणि पायजम्यात असलेली माणसं तशीच निघतात. आगीच्या तोंडावर कधी जायचं नसतं. वारा पाठीशी घेऊन बाजूने यायचं आणि ओल्या पोत्याने किंवा हिरव्या फांद्यांच्या जुड्याने दाबत दाबत तिला चिंचोळी करत न्यायचं. वरून आपटलं तर ठिणग्या उडून चार हात पुढे नवी आग लागते. तीन उन्हाळे पाणी घालून वाढवलेली रोपं अर्ध्या तासात काळी होतात. पळसासारखी काही जळून पुन्हा बुडातून फुटतात. म्हणून अनुभवी मंडळी काळं रोप लगेच उपटत नाहीत, पाऊस पडेपर्यंत वाट बघतात.

आगीवरचा खरा इलाज दिवाळीनंतरचा आहे, जाळरेषा. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत तीन-चार मीटर रुंद पट्ट्यात कापून जमीन मोकळी करायची. फार लवकर कापलं तर गवताचं बी पडलेलं नसतं आणि पुढच्या वर्षी तो पट्टा गाजरगवताच्या घशात जातो. उशीर केला तर आग आधी येते. मधला तो पंधरवडा साधायचा असतो, आणि नेमके तेव्हाच सगळे दिवाळीच्या फराळाला गावी गेलेले असतात.

टेकडी कुणाची

पैशाचं कोडं साधं आहे. रोपं द्यायला दहा दाते मिळतात, खड्ड्यांना मिळतात, फलकाला तर हमखास मिळतात. मार्चमधल्या टँकरला आणि राखणदाराच्या पगाराला मिळत नाहीत. कंपनीच्या अहवालात लावलेल्या झाडांसाठी रकाना असतो, जगलेल्यांसाठी क्वचित. त्यामुळे त्याच खड्ड्यात दरवर्षी नवं रोप आणि नवा पाहुणा असं चक्र सुरू राहतं. दोन-तीन गटांनी आता देणगीदाराला अट घातली आहे, तीन वर्षांचं पाणी देणार असाल तरच रोप घेऊ. अट ऐकून निम्मे दाते परत जातात.

जमिनीचं कोडं तितकं साधं नाही. एकाच टेकडीवर एक उतार वनखात्याचा, दुसरा महापालिकेचा, तिसरा एखाद्या संस्थेचा, चौथा खासगी मालकाचा. १९९७ साली हद्दीत आलेल्या गावांमधली ९७६ हेक्टर टेकड्यांची जमीन जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित आहे, पण तिचा बराच भाग खासगी मालकीचा असल्याने भरपाईचा आणि बांधकामाच्या परवानगीचा वाद संपत नाही. रोपाला पाणी घालणारा माणूस त्यामुळे नकाशे वाचायला शिकतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध आणि बोगद्यांविरुद्ध हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. त्या मोर्चात रोज कॅन वाहणारे चेहरे पुष्कळ होते. ज्याने एकेक झाड हाताने जगवलंय त्याला टेकडी किती मीटर कापली जाणार हे विचारायला वेगळं शिकवावं लागत नाही.

गटांतही सगळं गोडगुलाबी नसतं. कुणाच्या वाट्याच्या रोपांना कुणी परस्पर पाणी घातलं यावरून अबोले होतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्यावर पहारा ठेवायचा की नाही यावर मतभेद होतात. आपट्याच्या नावाने बाजारात कांचन खपतो हे माहीत असूनही टेकडीवरचे आपटे ओरबाडले जातातच. नवी मुलं उत्साहाने येतात आणि परीक्षा आली की गायब होतात. जुने म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं. त्यांच्याही वेळी असंच होतं.

हा लेख छापायला जाण्याआधी, ऑक्टोबरात, एका गटाचा निरोप माझ्याही फोनवर आला. रविवारी जाळरेषेचं काम, सहा वाजता टाकीपाशी. विळा असेल तर आणा, नसेल तर आमच्याकडे आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घाला, कुसळं लागतात. पाण्याची बाटली ज्याची त्याने. वरच्या माळावर या वर्षीही लागवड नाही, कृपया रोपं आणू नयेत.